शोषण, अवशोषण की शोषणांक?

वेर्ण्याला औषध कंपनीत एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की फोटोडायोड अ‍ॅरे डिटेक्टर 'शोषण मोजतो' असं मराठीत लिहिलं तर चालेल का. नाही चालणार! ट्रेनिंगच्या कागदांत हे वाक्य सारखं दिसतं आणि दरवेळी डोकं फिरतं. दिव्याचा सगळा प्रकाश आधी फ्लो सेलमधल्या द्रावणातून जातो, मग ग्रेटिंगवर त्याच्या तरंगलांब्या सुट्या होऊन डायोडांच्या ओळीवर पडतात, आणि प्रत्येक डायोड मोजतो तो उरलेला प्रकाश, शोषलेला त्याला दिसणार कुठून? मूळ प्रकाशाला उरलेल्याने भागून लॉग काढायचा, दहावा हिस्सा उरला तर १, शंभरावा उरला तर २. हाच इंग्रजीतला 'अ‍ॅब्सॉर्बन्स'. एकक नाही, निव्वळ अंक, म्हणून अपवर्तनांकासारखं 'शोषणांक' म्हणा.

'अवशोषण' लिहा म्हणणारे भेटतील. तो हिंदी परिभाषेतला शब्द, आणि त्या 'अव'ने अर्थात काय भर पडते ते मला तरी कळलेलं नाही. 'अधिशोषणा'तल्या 'अधि'ला निदान काम आहे, तिथे पदार्थ पृष्ठभागावर धरला जातो.

खरी गंमत 'शोषण'मध्येच आहे. संस्कृतात शुष् म्हणजे वाळणं, शोषण म्हणजे वाळवणं. कामदेवाच्या पाच बाणांतला 'शोषण' प्रेमात पडलेल्याला सुकवतो, पीत नाही. घशाला पडतो तो शोष. शुष्कातून आपलं सुकं आलं, पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवतो ते सुकं नुस्तंही (सुकी मासळी) त्याच घरातलं, आणि शुष्कचा फारसीतला सख्खा भाऊ खुश्क, त्यावरून खुष्की म्हणजे कोरडी जमीन, म्हणून जमिनीवरची वाट ती खुष्कीची वाट! मग वाळवण्याचं पिणं कसं झालं? माझं मत असं की ओल्या लादीवर फडकं टाकलं की लादी वाळते आणि फडकं पाणी पितं, भाषा आधी लादीच्या बाजूने बोलत होती, नंतर फडक्याच्या बाजूने बोलायला लागली. इंग्रजी 'अ‍ॅब्सॉर्ब' ज्यातून आला तो लॅटिन सोर्बेरे मात्र पहिल्यापासून घोट घेणाराच, म्हणून दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच असं सांगणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. आणि डायोड बघतो तेही मागे काय राहिलं तेच, म्हणजे आपला जुना अर्थ यंत्राच्या जास्त जवळचा आहे.

आणि ताई, नुसता शोषणांक लिहू नका, २५४ नॅनोमीटरला की २८० ला तेही लिहा, अ‍ॅरेत प्रत्येक तरंगलांबीचा आकडा वेगळा असतो.