जीएफपी या जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची रचना आणि काम काय? पेशी चमकल्या नाहीत तर जनुक आत गेलंच नाही, असं समजायचं का?

नाही समजायचं. अजिबात नाही. तुमच्या प्रश्नाच्या या दुसऱ्या भागासाठीच लिहायला बसलोय.

रचना पुस्तकात आहेच: २३८ अमिनो आम्लं, ११ बीटा पट्ट्यांचं पिंप, मधून गेलेली हेलिक्स (पिळदार साखळी) आणि तिच्यावर ६५, ६६, ६७ क्रमांकांचे सेरीन, टायरोसीन, ग्लायसीन. हे तिघं आपसात जुळून क्रोमोफोर, म्हणजे प्रत्यक्ष चमकणारा भाग, तयार होतो. त्याला जेलीफिशचं कुठलंही एन्झाइम लागत नाही. म्हणून तर मार्टिन चाल्फी या शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये ते जनुक ई. कोलाय हा जिवाणू आणि सी. एलिगन्स हा छोटा कृमी यांच्यात घातलं आणि दोन्हीकडे हिरवं दिसलं. बाहेरून लागतो तो फक्त ऑक्सिजन. तो नसेल तर प्रथिन बनूनही अंधारच.

आमच्या बडोद्याच्या कॉलेजात एम.एस्सी.ला असताना आम्ही प्लास्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) जिवाणूंत घातलं होतं, त्यावर जीएफपीचं जनुक आणि अँपिसिलिन या प्रतिजैविकाला तोंड देणारं जनुक, दोन्ही. तेवढ्यात नळ्या हलवून हवा मिसळणारा शेकर बिघडला. दुरुस्तीवाला अहमदाबादहून येणार, म्हणजे कधी ते देव जाणे. सर म्हणाले, नळ्या काठोकाठ भरा, बुचं घट्ट लावा, तशाच इन्क्युबेटरमध्ये ठेवा. सकाळी माध्यम चांगलं गढूळ, अँपिसिलिन असूनही. यूव्हीखाली मात्र काही नाही. सरांनी एक नळी तिरपी करून बघितली. "प्लास्मिड गेलंच नाही. पहिल्यापासून करा." मी म्हटलं, सर, मग अँपिसिलिनमध्ये वाढले कसे? तर म्हणे, तुम्हा पोरांना वाद घालायची हौस.

नळ्या मी फेकल्या नाहीत. सेंट्रिफ्यूज करून वरचं ओतून दिलं, तळाचा गोळा थोड्या बफरमध्ये मोकळा केला, पेट्री डिशमध्ये पसरला आणि दांडिया बाजारात घरी जेवायला निघून गेलो. संध्याकाळी डिश दिव्याखाली धरली, तर पिपेटच्या टोकाने पडलेल्या रेघांसकट सगळी हिरवी. सरांना नेऊन दाखवली. ते म्हणाले, "बाहेरून काही पडलं असेल."

काय पडणार होतं बाहेरून? बडोद्यात जेलीफिश?

ऑक्सिजनशिवाय वाढवलेले जिवाणू चमकत नाहीत आणि हवा मिळाली की काही तासांत चमकू लागतात, हे रॉजर त्सिएन या शास्त्रज्ञाच्या गटाने १९९४ मध्येच छापलं होतं. त्या निबंधावर डग्लस प्रॅशरचंही नाव आहे. जीएफपीचं जनुक १९९२ मध्ये त्यानेच क्लोन केलं. २००८ चं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं तेव्हा तो अलाबामात एका मोटारविक्रेत्याकडे गाडी चालवत होता. आमच्या सरांच्या नोट्समध्ये तिन्ही नोबेलवाले होते, हा नव्हता.

वापराचं थोडक्यात: हव्या त्या प्रथिनाला शेपटीसारखं जीएफपी जोडायचं, मग जिवंत पेशीत ते कुठे आणि कधी बनतं ते सरळ दिसतं. मूळ जीएफपी मुख्यतः ३९५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून ५०९ च्या आसपासचा हिरवा देतं. हल्ली बहुतेक ठिकाणी सुधारित ईजीएफपी वापरतात, ते ४८८ च्या निळ्या लेझरवर चालतं आणि लवकर पक्कं होतं, त्यामुळे आमच्याइतकी वाट बघावी लागणार नाही.

तुमचं प्रॅक्टिकल फसलं असेल तर नळी पाव-अर्धीच भरा, बूच सैल ठेवा, हलवत ठेवा. यूव्हीकडे चष्म्याशिवाय बघू नका. आणि हो, प्लास्मिड अरॅबिनोजवर (ही एक साखर) चालणारं असेल, म्हणजे ती घातल्यावरच जीएफपी बनवणारं, आणि तुम्ही अरॅबिनोज घातलंच नसेल, तर हवा देऊन काही होणार नाही.