ड्राफ्टमध्ये रिकामी जागा आधी की गुणवत्ता?
एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया, आपण नव्याने पाहू लागला असाल, तर संघात कोणती जागा रिकामी आहे एवढ्यावरूनच निवडीचा अंदाज बांधू नका. ब्रेट फार्व्हसारखा खंदा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) हाताशी असतानाही, २००५ मध्ये ॲरन रॉजर्स २४व्या क्रमांकापर्यंत उरलेला दिसताच ग्रीन बे पॅकर्सने त्याला घेतले. तीन हंगाम तो बहुतेक बाकावरच होता, २००८ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक झाला आणि २०१०च्या हंगामात त्याने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. तातडीची उणीव करारमुक्त खेळाडू घेऊन भरता येते, असा क्वार्टरबॅक मात्र क्वचितच मोकळा सापडतो. गुणवत्तेत दोन उमेदवार तुल्यबळ असतील, तेव्हा गरजेला कौल देणे मला योग्य वाटते. त्यासाठी कोणाचा करार कधी संपतो, हेही आधी पाहून ठेवा.