टाचण संपलं, तास उरला

प्रश्न : मी छात्राध्यापिका आहे. अपूर्णांकांच्या तुलनेवर सराव पाठ घेतला. सहा पानी टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, अगदी तोंडपाठ होतं. पण २२ मिनिटांतच सगळं सांगून झालं. मग ‘समजलं का?’ विचारलं, तर सगळे ‘हो’ म्हणाले. पण उदाहरण घातल्यावर वर्ग गप्प. शिकवणं माझं काम नाही का?

उत्तर : एका फसलेल्या तासावरून पेशाचा निकाल लावू नका. सहा पानांत तुम्ही काय बोलणार ते आहे. मुलं काय करणार, ते किती ओळींत आहे? पाणी तिथेच मुरतंय.

प्रस्तावना, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं), विषयविवेचन हा टाचणाचा साचा वाईट नाही. पण चौकटी भरल्या म्हणजे नियोजन झालं असं नाही. टाचण शेवटाकडून लिहा. ‘अपूर्णांक समजणे’ हे उद्दिष्ट तपासणार कसं? त्याऐवजी ‘१/३ आणि १/४ पैकी मोठा कोणता, हे कारणासह सांगता येणे’ असं लिहा.

मग मुलं कुठे चुकतील, याचा अंदाज बांधा. चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणून १/४ मोठा असं बरीच मुलं म्हणतील. म्हणू द्या. आधी प्रत्येकाला वहीत उत्तर लिहायला लावा, मगच कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या वाटा. पट्टी १२ सेंटिमीटरची घ्या, म्हणजे तीन आणि चार दोन्ही भाग नेमके पडतात. (तीन सारख्या घड्या घालणं वाटतं तेवढं सोपं नाही, आधी स्वतः करून बघा.) एकेक भाग शेजारी ठेवला की १/४ लिहिणारी मुलं आपणच वहीकडे वळतात. तेव्हा ‘चूक’ म्हणू नका, ‘कशावरून?’ विचारा. तुमची उरलेली मिनिटं इथे लागतील.

आणि प्रश्न विचारून थांबा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं, की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात आणि गप्प राहणारी मुलं कमी होतात. पुढच्या पाठाला निरीक्षकांना एवढंच मोजायला सांगा.

पेशाचं म्हणाल, तर टाचणाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्या दिवशीची चुकीची उत्तरं जशीच्या तशी उतरवत जा. दहा पाठांनंतरही ते पान भरायचा कंटाळाच येत असेल, तर मला पुन्हा लिहा. मग दुसऱ्या वाटांचं बोलू.