वाचक विचारतात: विमान उसात गेलंय, आता काय करू?

मागच्या अंकात रिमोटच्या विमानांवर पानभर लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की संपादक म्हणाले आता तूच बस उत्तरं द्यायला. मी काही एक्स्पर्ट वगैरे नाही, पुण्याजवळच्या एका माळावर वीसेक वर्षं दर रविवारी विमानं उडवतोय आणि तेवढ्याच नेमाने पाडतोय, एवढीच माझी पात्रता. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं लांब होती ती कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: मुलगा आठवीत आहे. व्हिडिओ बघून बघून आता त्याला रिमोटचं विमान हवंय, तेही दुसऱ्या महायुद्धातलं फायटर. ऑनलाइन चौदा हजाराला दिसतंय आणि वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. घेऊन टाकू का?
— एक आई, कोथरूड

नका घेऊ ताई. म्हणजे आत्ता नका घेऊ आणि फायटर तर अजिबातच नको. मी स्वतः पहिलं विमान तसलंच घेतलं होतं, खालच्या पंखाचं, दिसायला इतकं देखणं की आठवडाभर हॉलमधल्या टीव्हीवर ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो, आणि मग रविवारी भाच्याला घेऊन माळावर गेलो, हातातून सोडलं, ते डावीकडे कललं, मी घाबरून उजवीकडे जरा जास्तच स्टिक दाबली आणि अकरा सेकंदांत खेळ खलास. अकरा हा आकडा नक्की आहे कारण भाच्याने मोबाईलवर शूट केलं होतं, घरातलं प्रत्येक लग्नकार्य झालं की तो अजून लावतो.

तुम्ही असं करा, रविवारी सकाळी मुलाला घेऊन कुठल्याही क्लबच्या मैदानावर जा, रिकाम्या हाताने. कडेला उभं राहून तासभर नुसतं बघू दे. आवडलं तर पहिली खरेदी म्हणजे ट्रान्समीटर (हातातला रिमोट), साधा सहा चॅनलचा साधारण पाच-सहा हजारात येतो, आणि सोबत एक छोटा डोंगल, म्हणजे तोच ट्रान्समीटर कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर विमान चालवता येतं. तिथे पन्नास वेळा पडलं तरी काही जात नाही. घेताना मोड टू आहे ना एवढं बघा, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग) डाव्या हाताला, आपल्याकडे बहुतेक जण तसंच उडवतात आणि शिकवणाऱ्याला मदत करणं सोपं जातं.

मग विमान. पंख वर असलेला फोमचा ट्रेनर घ्या, पंखांची टोकं किंचित वर उचललेली असतात ना तसला, त्याला स्टिक सोडली की आपोआप सरळ व्हायची सवय असते. पंखामागे मोटर असलेला चालेल, नाकावर पडलं तरी मोटर वाचते. आणि पहिले दहा-बारा फ्लाइट बडी बॉक्सवर, म्हणजे दोन ट्रान्समीटर जोडायचे, मुलगा उडवतो आणि शेजारच्या काकांच्या हातात एक स्विच असतो, विमान वेडंवाकडं जायला लागलं की कंट्रोल काकांकडे. मोटर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात तसंच. वाढदिवसाला काय द्यायचं असेल तर ट्रान्समीटर द्या, त्यावर रिबीन बांधा.

प्रश्न: सिम्युलेटरवर मस्त येतं पण मैदानावर विमान माझ्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं आणि मी पाडतो. तीन झाली. माझ्या डोक्यातच काही प्रॉब्लेम आहे का?
— आयटीवाला, वारजे

डोकं ठीक आहे, हे सगळ्यांचं होतं. विमान आपल्यापासून लांब जाताना त्याचं उजवं ते आपलं उजवं, आणि आपल्याकडे वळलं की सगळं आरशासारखं. विचार करून उत्तर काढायला गेलात तर विचार पूर्ण व्हायच्या आत जमीन येते. एकच गोष्ट लक्षात ठेवा, विमान समोरून येत असेल तर जो पंख खाली झुकलेला दिसतोय त्या बाजूला स्टिक ढकला, जणू काही खाली पडणाऱ्या पंखाला टेकू देताय. बास. महिनाभरात तेही आठवावं लागणार नाही.

आणि उंचीवर शिका हो. नवीन माणसाला वाटतं खाली उडवलं की पडलं तरी कमी लागेल, उलट आहे, वर असलात तर चूक करायला, ती कळायला आणि सुधारायला वेळ मिळतो. डोक्यावरून उडवू नका, समोर ठेवा, लांबट चौकोनात फिरवा, आणि इतकं लांब जाऊ देऊ नका की नुसता ठिपका दिसेल, ठिपक्याला डावं-उजवं नसतं.

तीनदा पडलंय म्हणताय तर अजून एक विचारतो, दुरुस्ती झाल्यावर सीजी, म्हणजे विमानाचा तोल कुठे आहे ते, तपासता का? पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे, रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन्ही बाजूंनी बोट टेकवून विमान उचलायचं, ते सपाट किंवा नाक किंचित खाली असं राहिलं पाहिजे. शेपटीकडे वजन गेलं असेल तर ते विमान तुम्ही काय, कोणीच नीट उडवू शकत नाही. फोम चिकटवताना, शेपटीला टेप मारताना वजन गुपचूप मागे सरकतं. आणि दर वेळी उडवायच्या आधी विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे करा, उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) वर गेला पाहिजे आणि डावा खाली. सर्व्हो (त्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर) बदलला, वायर उलटी लागली आणि न बघता सोडलं असं आमच्याकडच्या जुन्या जाणत्या माणसानेही केलंय. त्या माणसाचं नाव मी सांगणार नाही, तो आत्ता हे उत्तर लिहितोय.

प्रश्न: उसात विमान पडलं. दोन तास शोधलं, सापडलं नाही. बॅटरी आत आहे. काही आशा?
— लोणी काळभोरच्या बाजूचा एक दुःखी जीव

अरेरे. ऊस म्हणजे आमच्या छंदाचा समुद्र आहे. बाभळीवर अडकलेलं विमान निदान दिसतं तरी, ऊस ते गिळतो आणि वरून पुन्हा सारखा होतो.

पुढच्या वेळेसाठी सांगतो, कारण पुढची वेळ येणारच. विमान दिसेनासं झालं की पहिल्यांदा थ्रॉटल शून्य, कारण पंखा उसात अडकलेला असताना मोटर फिरवली तर ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, जळतं. दुसरं म्हणजे पळत सुटू नका. सगळे पळतात, मीही पळायचो, आणि दहा पावलांवर बांध ओलांडला की नेमकं कुठे पडलं ते विसरायला होतं. जिथे उभे आहात तिथेच राहा, हात लांब करून पडलेल्या जागेकडे बोट दाखवा आणि त्या रेषेत मागे काय दिसतंय ते बघा, विजेचा खांब, आंब्याचं झाड, पाण्याची टाकी, काहीही. शेजारी लांब उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसालाही हेच करायला सांगा. दोघांच्या रेषा जिथे एकमेकांना कापतात तिथे विमान. मग एक जण जागेवर उभा राहून हाताने दिशा दाखवतो आणि दुसरा आत शिरतो. एकटा माणूस आत शिरला की चौथ्या सरीनंतर त्याला स्वतःचाच पत्ता नसतो.

आत गेलात की थांबून ऐका. ट्रान्समीटर चालू ठेवून एलेरॉनची स्टिक हलवत राहा, सर्व्होची किर्र किर्र शांततेत बरीच लांब ऐकू येते. शंभर-दोनशे रुपयांचा बझर मिळतो, विमानातल्या रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला लावला की स्विच दाबून ओरडवता येतो, तो लावाच. फुल शर्ट घाला, उसाचं पान ब्लेडसारखं कापतं. शेताच्या मालकाला आधी विचारा, त्याचा उभा पैसा आहे तो, तुडवत जाऊ नका. आणि शिरूर, जुन्नर, आंबेगाव भागात असाल तर संध्याकाळी आत शिरू नका म्हणजे नकाच, तिकडे बिबटे उसातच राहतात, उसातच पिल्लं घालतात. चार हजाराच्या फोमसाठी ते नको.

तुमच्या विमानाचं म्हणाल तर आशा आहे. माझं एक ऑगस्टमध्ये गेलं होतं, विमानावर मार्करने मोबाईल नंबर लिहिलेला होता, जानेवारीत ऊसतोड सुरू झाली तेव्हा फोन आला की साहेब तुमचं खेळणं घावलंय. गेलो. पंख शाबूत, बॅटरी फुगून पाव झालेली आणि पोटात उंदराने पाचट कुरतडून ऐसपैस घर केलेलं. मोटर अजून वापरतो.

प्रश्न: धायरीला मोकळ्या प्लॉटवर उडवत होतो, पोलीस आले आणि परवानगी विचारली. खेळण्याला कसली परवानगी?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

मित्रा, कायद्याच्या लेखी तुझं खेळणं मानवरहित विमान आहे. २५ ऑगस्ट २०२१ ला जे ड्रोन नियम आले त्यात चार पंख्यांचं आणि पंखवालं असा भेद करून सूट दिलेली नाही. वजनावरून गट आहेत, २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, आणि पुढे. नॅनोला, आणि धंद्यासाठी नसेल तर मायक्रोलाही, पायलट लायसन्स लागत नाही, म्हणजे तुमचं-आमचं बहुतेक फोमचं विमान त्यात बसतं. पण लायसन्स नको याचा अर्थ कुठेही उडवा असा नाही, लोकांची गल्लत तिथेच होते.

जागा रंगांनी ठरते. हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी नको, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती उंची २०० फुटांवर येते, आणि ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे आधी परवानगी. लाल झोनचा तर विचारच सोडून द्यायचा. आता पुण्याचा नकाशा डोळ्यासमोर आण. लोहगाव हवाई दलाचं, म्हणजे खराडी, वाघोली, विमाननगर सगळं गेलं. तू राहतोस त्या बाजूला खडकवासल्याची एनडीए. खडकी, देहूरोड, दिघी, पाषाण, जिकडे बघावं तिकडे लष्कराची नाहीतर संरक्षण खात्याची कुंपणं. हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, म्हणजे खरी माणसं बसलेली ग्लायडर्स उडवण्यासाठीचं मैदान. म्हणून तर आम्ही सगळे पहाटे उठून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब जातो, हौस नाहीये पेट्रोल जाळायची. डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटचा नकाशा घरी बसून उघडता येतो, निघायच्या आधी बघायचा, आणि पोलीस अधूनमधून बंदोबस्ताच्या काळात बंदीचे आदेश काढतात तेही बघायचे. पोलिसांशी वाद घालू नकोस. कायदा बाजूला ठेवला तरी दीड किलोचं विमान वस्तीत कोणाच्या डोक्यात पडलं तर काय, हा प्रश्न उरतोच.

प्रश्न: पहिल्यांदाच फ्लाय-इनला बोलावलंय. काय न्यायचं, कसं वागायचं?
— पिंपरी

फ्लाय-इन म्हणजे जत्राच, फक्त पाळणे वर उडतात. लांबलांबून लोक गाड्यांच्या डिकीत पंख कोंबून येतात, कोणाचं अडीच मीटरचं पेट्रोल इंजिनवालं, कोणाचं जेट, आणि एक जण हमखास सनबोर्ड कापून घरी बनवलेलं घेऊन येतो आणि गर्दी त्याच्याचभोवती.

टोपी, पाणी, गॉगल, बॅटऱ्या आदल्या रात्री चार्ज केलेल्या. चिकटपट्टी आणि गोंद न्या, पण थर्माकोलला फेविक्विकसारखा सीए ग्लू लावू नका, विरघळतो तो, तयार विमानांच्या ईपीओ फोमला चालतो. बॅटरी जोडायची ती आपला नंबर आल्यावर, पंख्याच्या मागे उभं राहून, ट्रान्समीटर आधी चालू करून. पिटमध्ये, म्हणजे विमानं जोडायच्या जागी, टेबलावर बॅटरी जोडून कोणाशी गप्पा मारत बसलात आणि कोपर थ्रॉटलला लागलं तर तो पंखा बोटं बघत नाही, टाके घालून आलेला माणूस आमच्यात आहे. सगळे पायलट एका ओळीत उभे राहतात, कोणी ओळीच्या मागे विमान नेत नाही. मोठ्याने बोलायचं, टेकऑफ, लँडिंग. कोणी डेड स्टिक ओरडला तर त्याची मोटर हवेत बंद पडलीय, बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, त्याला एकदाच उतरता येणार आहे.

आता २.४ गिगाहर्ट्झमुळे सोपं झालंय. आधी ७२ मेगाहर्ट्झचे क्रिस्टलवाले रिमोट होते तेव्हा मैदानावर बोर्ड असायचा आणि ज्या चॅनलवर उडवणार त्याचा चिमटा त्यावर लावायचा, तुमच्या चॅनलवर दुसऱ्याने रिमोट चालू केला की तुमचं विमान गेलं. चिमटा न लावणाऱ्याशी लोक वर्षभर बोलत नसत.

आणि पहिल्या फ्लाय-इनला नवीन विमानाचं पहिलं उड्डाण करू नका. दोनशे लोक मोबाईल धरून उभे असतात.

प्रश्न: विमानाची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी थोडी फुगलीय, अजून एक सीझन जाईल का?
— हडपसर

नाही. बल्ब लावून पूर्ण उतरवा आणि ई-कचऱ्यात द्या, सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या बादलीत टाकू नका, पुढे वर्गीकरण करताना त्यांच्याच हातात पेट घ्यायची. पुढची बॅटरी फुगू नये म्हणून पूर्ण चार्ज करून आठवडाभर ठेवू नका, सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा, आणि एप्रिलच्या उन्हात गाडीत विसरू नका.

प्रश्न: आमचे हे दर रविवारी साडेपाचला जातात, दहाला येतो म्हणतात आणि दीडला येतात. विमान इतका वेळ उडतं का?
— सहकारनगर

वहिनी, खरं सांगू का, क्लबातले मला मारतील. एक बॅटरी आठ-दहा मिनिटं चालते. यांच्याकडे चार असतील तर झाली चाळीस मिनिटं. पुण्यात सकाळी हवा शांत असते, दहा-साडेदहाला ऊन तापलं की माळावर वावटळी सुटतात आणि मग शहाणा माणूस विमान गाडीत ठेवतो. त्यानंतर जे चालतं ती मिसळ, आणि कोणाचं विमान कसं पडलं याची चर्चा. पुढच्या रविवारी अकराला फोन करा आणि काही न विचारता फक्त वारा कसा आहे एवढंच विचारा.