भिंतीवरचे क्रॉसबोवाले खाली आणू नका भाऊ

भाऊ, मेडिव्हल टू या कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या गेममधे तुमी मिलानकडून खेळता, शहरात क्रॉसबोच्या (खटक्यानं बाण सोडायच्या आडव्या धनुष्याच्या) सहा तुकड्या होत्या, तरी व्हेनिसवाल्यानं शहर घेतलं, ही तुमची पोस्ट वाचली अन् मले माहा हरभऱ्याचा हंगाम आठवला. आमच्याकडं मोटरीची लाइन रात्री येते, तिची वाट पाहत वावरातल्या खोलीत बाजेवर लॅपटॉप ठेवून मेडिव्हल टू खेळत बसायचो. गेम 2006 चा, डबड्या लॅपटॉपवरही चालते.

भालेवाले कुठं, घोडे कुठं हे तुमाले माहीतच असेल, ते सोडतो.

माही चूक एकच होती पण लय महाग पडली. शहराच्या फाटकावर रॅमचे (दार फोडायच्या ओंडक्याचे) ठोके पडू लागले अन् मी घाबरून भिंतीवरचे सारे क्रॉसबोवाले खाली उतरवले, आतल्या रस्त्यात भालेवाल्यांच्या मागं उभे केले, म्हटलं दार तुटलं की एकेकाले भाजतो. झालं काय तं क्रॉसबोचा बाण सरळ जाते बाप्पा, धनुष्यासारखा वरून कमान घेऊन पडत नाही. दार तुटलं, बाण सुटले अन् माह्याच लोकांच्या पाठीत. झूम करून पाहतो तं भालेवाल्यांची मागची रांग पालथी. वरून दुसरा घोळ, बुरूज तुमची तुकडी जवळ असली तंच बाण मारतेत, भिंत मोकळी झाली तसे ते मुके झाले, शिडीवाले आरामात चढले अन् मंग तेच बुरूज माह्यावरच चालू. शत्रूनं चौक धरला की शहर जायचं घड्याळ सुरू होते, ते सुरू झालं तवा माह्याजवळ तिथं पाठवायले कोणी नव्हतं.

आपल्या चिखलदऱ्याच्या गाविलगडावर 1803 मधे असंच झालं की, बाहेरच्या भिंतीले तोफांनी खिंडार पाडलं, पण आतल्या भिंतीवर इंग्रजांची एक तुकडी शिडी लावून चढली अन् दरवाजा आतून उघडून देल्ला.

म्हणून आता काहीही झालं तरी फाटकाच्या दोन्ही बाजूले भिंतीवर एकेक तुकडी ठेवतोच, स्कर्मिश (शत्रू जवळ आला की आपोआप मागं सरायचं बटन) बंद करून, नाही तं शत्रू वर आला की पळत सुटतेत. शत्रूची शिडी किंवा चाकावरचा मनोरा भिंतीले जिथं लागणार तिथं एखादी जाड चिलखतवाल्या पायदळाची तुकडी पाहिजे, क्रॉसबोवाल्याच्या हातानं तलवारीचं काम होत नाही. खाली आणायचेच असतील तं फाटकासमोर रस्त्याच्या कडेकडेनं तिरपे लावा, मागं नाही, अन् आपली माणसं भिडली की फायर ॲट विल (आपोआप बाण मारायचं बटन) बंद. रॅम जाळण्यासाठी साधे धनुष्यवाले ठेवा दोन तुकड्या, पेटता बाण त्यायच्याजवळच असते, क्रॉसबोवाल्याजवळ नाही. लोक त्या साध्या धनुष्यवाल्यायले हसतेत, हसू द्या.

मी काही पंडित नाही, व्हेरी हार्ड या अवघड पातळीवर खेळत नाही, मॉड (लोकांनी गेममधे केलेले बदल) टाकला असेल तं हे जमेलच असं नाही.

अन् लढाईच्या मधात सेव्ह होत नाही, त्याच्याआधी करत जा. माह्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, दोन वेढे तं जिंकता जिंकता लाइन गेल्यानं गेले. वावराची डीपी (लाइनीचा ट्रान्सफॉर्मर) जळली तवा विजेच्या ऑफिसात चार चकरा मारल्या, दरवेळी तेच, साहेब दौऱ्यावर, अर्ज ठेवून जा. अर्ज ठेवला, हरभरा वाळला, साहेब दौऱ्यावरच.

तुमच्या फाटकामागचा रस्ता सरळ चौकात जाते का वळून जाते ते सांगा, वळणाचा असेल तं क्रॉसबो कोपऱ्यावर लावता येतेत.