त्रास काहीच नाही, मग बीपीची गोळी कशाला?

अंबड एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारे ४६ वर्षांचे गृहस्थ पत्नीबरोबर आले. कंपनीच्या तपासणीत बीपी १५२/९६ निघालेलं. म्हणणं एवढंच : "डोकं दुखत नाही, चक्कर नाही. गोळी एकदा लागली की सुटत नाही, मग लावून कशाला घ्यायची?"

वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. मेंदू, हृदय, किडनी आतल्या आत झिजत राहतात. आणि गोळीची सवय लागत नसते. ती बंद केली की मूळचंच बीपी पुन्हा डोकं वर काढतं. वजन, मीठ, तंबाखू आटोक्यात आलं तर डॉक्टर डोस उतरवतातही, पण आपल्या मनानं थांबवायची नाही.

घरी मशीन होतं. मोजायचे मात्र ड्युटीवरून आल्या आल्या, चहा पिता पिता, पट्टा शर्टाच्या बाहीवरून. असा आकडा काय कामाचा? अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. सकाळ-संध्याकाळ, मिनिटाच्या अंतरानं दोनदा. सात दिवस लिहायचं, पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी आहेच. यांची १४४/९१ आली. वही घेऊन ते डॉक्टरांकडे गेले, गोळी सुरू झाली.

"ताई, तुमचं कधी मोजलंय?" "मला काय धाड भरलीय!" त्यांचीही सरासरी १३८/८८ निघाली, वर सकाळची मिश्री. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिशीनंतर बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते; तिकडे त्यांना आग्रहानं पाठवलं.

खरी गोम मिठात होती. चार माणसांत किलोचा पुडा वीस दिवसांत संपायचा, म्हणजे माणशी रोज साडेबारा ग्रॅम. हवं पाच ग्रॅमच्या आत, चहाचा सपाट चमचाभर. रविवारची मिसळ, फरसाण, पापड यांतलं मीठ वेगळंच. सैंधवानं फरक पडत नाही, तेही सोडियमच. पोटॅशियमचं कमी-सोडियम मीठ किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा बीपीची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

आधी ताटातलं वाढीव मीठ बंद केलं, मग भातातलं, मग कणकेतलं. पुड्यावर फोडल्याची तारीख पेनानं लिहायची. पुडा पन्नास दिवस पुरायला हवा. पहिला चौतीस दिवस गेला.