वाचकांचे प्रश्न : नैराश्य, सीबीटी आणि ‘चांगला विचार कर’ हा सल्ला

प्रश्न : माझे वय 46 असून मी एका सहकारी बँकेत काम करतो. गेले आठ-नऊ महिने मन कशातच लागत नाही, पहाटे तीनला जाग येते, भूक मंदावली आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशनचे निदान करून गोळ्या सुरू केल्या. झोप सुधारली, बाकी फारसा फरक नाही. आता ते सोबत सीबीटी घ्या म्हणतात. घरातले सगळे मला ‘चांगला विचार कर’ असे सांगून थकले; ते जमत नाही, हेच तर माझे दुखणे आहे. बँकेत कर्जप्रकरणांचे काम माझ्याकडून काढून घेतले, कारण मी निकामी झालो आहे हे सर्वांना कळले आहे. मग घरच्यांचाच उपदेश आता पैसे देऊन ऐकायचा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : उपदेशच ऐकायला मिळणार असेल तर पैसे देऊ नका, हे मी सुरुवातीलाच सांगतो. पण कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजेच सीबीटी, हा सकारात्मक विचारांचा वर्ग नव्हे. वाईट विचाराच्या जागी चांगला विचार बसवणे हा तिचा हेतू नसतो. मनात आलेला विचार वस्तुस्थितीला धरून आहे की नाही, हे तपासायला ती शिकवते. तपासाअंती तो खरा निघाला तर तो खरा म्हणूनच स्वीकारला जातो आणि पुढे काय करायचे यावर काम सुरू होते.

फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनी 1960च्या दशकात ही पद्धत घडवली. बेक मूळचे मनोविश्लेषक, आणि त्या परंपरेत नैराश्य म्हणजे आत वळलेला राग असे मानले जाई. हा राग रुग्णांच्या स्वप्नांत दिसेल या अपेक्षेने ते शोधू लागले, तेव्हा त्यांना राग नव्हे, तर हरल्याचे आणि गमावल्याचे विषय पुन्हा पुन्हा आढळले. शिवाय रुग्ण बोलत असताना त्यांच्या मनात स्वतःविषयी झरझर विचार येऊन जातात, ते इतके सवयीचे असतात की रुग्णाला ते सांगण्याजोगेही वाटत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. नैराश्यात हे आपोआप येणारे विचार तीन बाबतींत काळवंडलेले असतात : मी कसा आहे, भोवतालचे लोक मला कसे वागवतात, आणि पुढे काय होणार. महाराष्ट्रात अनेकांना परिचित असलेली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती ही हिची जवळची नातलग आहे.

आता तुमच्या पत्रातलेच एक वाक्य घेऊ. ‘काम काढून घेतले, कारण मी निकामी झालो आहे हे सर्वांना कळले आहे.’ यात घडलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे काम काढून घेतले गेले. ते कशामुळे काढले, तुम्ही निकामी झाला आहात आणि हे सर्वांना ठाऊक आहे, हे तिन्ही तुमच्या मनाने काढलेले निष्कर्ष आहेत. पण चारही गोष्टी एकाच दमात आल्याने त्या सारख्याच खऱ्या वाटतात. थेरपिस्ट तुमची समजूत घालणार नाही. तो विचारील की काम काढताना वरिष्ठ नेमके काय म्हणाले, त्याच सुमारास आणखी कुणाची कामे बदलली का, तुम्ही रजेवर होता का, ‘सर्वांना’ म्हणजे किती जणांना, आणि त्यांना कळले हे तुम्हाला कशावरून कळले. या विचारावर तुमचा विश्वास शंभरपैकी किती, हेही तो आधी लिहून घेईल. त्यानंतर बहुधा एक छोटा प्रयोग ठरेल : पुढच्या भेटीआधी वरिष्ठांना कारण सरळ विचारायचे, आणि ते काय म्हणतील याचा तुमचा अंदाज आधीच कागदावर लिहून ठेवायचा.

उत्तर ‘आजारपणात ताण नको म्हणून’ असे आले, तर तुमचा निष्कर्ष ढिला पडेल. विश्वास नव्वदवरून साठवर आला तरी सुरुवातीला ते पुष्कळ असते. मात्र ‘तुमच्याकडून दोन प्रकरणांत चुका झाल्या’ असे उत्तर येण्याचीही शक्यता आहे, आणि या शक्यतेकडे डोळेझाक करणारी थेरपी सीबीटी नव्हे. एकाग्रता कमी होणे हे नैराश्याचे ठळक लक्षण आहे. त्यामुळे झालेल्या चुका खऱ्या असतात, पण त्यांवरून माणूस कायमचा निकामी ठरत नाही. तेव्हा काम टप्प्याटप्प्याने परत कसे मागायचे, तपासणीसाठी कुणाची मदत घ्यायची, असे व्यवहाराचे प्रश्न पुढे येतात, आणि निव्वळ झुरण्यापेक्षा त्यांवर काम करणे कितीतरी सोपे असते.

साधारणपणे आठवड्याला एक, पाऊण ते एक तासाची अशा 12 ते 20 भेटी धराव्यात. प्रत्येक भेटीत आज कशावर बोलायचे हे दोघांनी मिळून ठरवायचे असते आणि शेवटी घरी करायचे काम मिळते. प्रसंग, त्या वेळचा विचार, भावना आणि तिची तीव्रता यांची नोंद त्यात येते. खरे काम दोन भेटींच्या मधल्या दिवसांत होते, म्हणून नोंदी न करणाऱ्यांना फायदा कमी होताना दिसतो. आपल्याकडे एक व्यावहारिक अडचण हमखास येते : दोन खोल्यांच्या घरात अशी वही ठेवायची कुठे? ज्यांना ती कुणी वाचेल अशी धास्ती असते ते खरे लिहीतच नाहीत. मोबाइलमध्ये कुलूपबंद नोंद ठेवा किंवा बँकेतल्या ड्रॉवरमध्ये वही ठेवा, पण ही अडचण पहिल्याच भेटीत बोलून घ्या.

गोळ्या सुरू असूनही पुरेसा फरक न पडलेल्या 469 प्रौढांवर ब्रिटनमध्ये झालेला एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. औषधांच्या जोडीला सीबीटी मिळालेल्यांपैकी 46 टक्के लोकांची लक्षणे सहा महिन्यांत निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली; नेहमीचेच उपचार चालू राहिलेल्यांत हे प्रमाण 22 टक्के होते. म्हणजे शक्यता दुपटीहून वाढते, खात्री मात्र मिळत नाही. सहा-आठ भेटींनंतरही काहीच हालचाल नसेल, तर थेरपिस्ट आणि डॉक्टर या दोघांशी बोलून योजना बदलावी.

प्रश्न : माझ्या सासूबाई 63 वर्षांच्या आहेत. मामंजी गेल्याला दीड वर्ष झाले. त्या दिवसभर पडून असतात, भजनाला जाणे सोडले, बोलणेही तुटक झाले. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितले आहे. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत आहे. वही लिहिणे, विचारांची चिकित्सा हे त्यांना जमणार नाही. मग सीबीटीचा त्यांना काय उपयोग?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : वही बाजूला ठेवा. सीबीटीचा दुसरा अर्धा भाग वर्तनाचा आहे आणि तुमच्या सासूबाईंसाठी तोच महत्त्वाचा आहे. 1996 साली अमेरिकेत नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण उपचाराची तुलना केवळ या वर्तनाच्या भागाशी केली, तेव्हा दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच निघाला.

पुढचा पुरावा तर तुमच्या शेजारच्या गोव्यातला आहे. ‘संगाथ’ या संस्थेने तेथील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या 495 प्रौढांवर याच वर्तनाच्या भागावर आधारलेल्या उपचाराचा अभ्यास केला. उपचार देणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते होते, आणि भेटी होत्या अर्ध्या-पाऊण तासाच्या, सहा ते आठ. तीन महिन्यांनंतर उपचार मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. आरोग्य केंद्रातील नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते.

या पद्धतीमागचे तत्त्व असे की नैराश्यात माणूस ‘मन लागले की करीन’ म्हणतो, मन लागत नाही, म्हणून काही करत नाही, आणि काही न केल्याने आनंदाचे, कुणाला उपयोगी पडल्याचे, चार माणसांत असल्याचे क्षण घटत जाऊन मन आणखी उतरते. म्हणून क्रम उलटा करायचा : ठरलेल्या वेळी आधी करायचे, मन लागले की नाही हे नंतर पाहायचे. सुरुवात अगदी लहान असावी. ‘भजनाला जा’ हे त्यांना आज डोंगराएवढे आहे. ‘सकाळी चहानंतर तुमच्या सोबतीने परसातल्या तुळशीला पाणी घालणे’ हे झेपण्याजोगे आहे. दिवस, वेळ आणि सोबत ठरलेली असावी, आणि संध्याकाळी ‘आज त्यातल्या त्यात कधी बरे वाटले?’ एवढेच तोंडी विचारावे. आठवडाभराने मंडळातल्या एखाद्या मैत्रिणीला घरी बोलावता येईल.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. अशा वेळी घरातली माणसे मायेपोटी ‘तुम्ही स्वस्थ बसा, आम्ही करतो’ म्हणत त्यांची सगळी कामे काढून घेतात आणि दिवसभरात त्यांची कुणाला गरज पडेल असा एकही प्रसंग उरत नाही. निवडणे-टिपणे, नातवंडांची वेणी, आमटीत मीठ किती हे त्यांना विचारणे, असे काही त्यांच्या हाती राहू द्या. मात्र ठरलेले न झाल्यास रागावू नका. काय आड आले ते विचारून काम आणखी लहान करा. या वयात थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्यावे. सगळा दिवस मामंजींच्याच आठवणीत आणि ओढीत जात असेल तर तसे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण लांबलेल्या शोकावरचा उपचार थोडा निराळा असतो.

प्रश्न : माझे वय 29 आहे. गोळ्यांची सवय लागेल अशी भीती वाटते. त्या बंद करून फक्त सीबीटी घेतली तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नैराश्य सौम्य किंवा मध्यम असेल तर केवळ सीबीटीने सुरुवात करणे पूर्णपणे मान्य आहे. मध्यम ते तीव्र नैराश्याच्या 240 रुग्णांवरील 2005च्या अमेरिकन अभ्यासात 16 आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी आणि बेक यांची थेरपी घेणाऱ्यांपैकी प्रत्येकी 58 टक्के लोकांना गुण आला, मात्र थेरपिस्ट अनुभवी असण्याने तेथे फरक पडला. बरे झाल्यानंतरच्या वर्षभरात औषध थांबवलेल्यांपैकी 76 टक्के, तर थेरपी संपवलेल्यांपैकी 31 टक्के पुन्हा आजारी पडले. तुमचा कल थेरपीकडे असण्याला म्हणूनच आधार आहे.

पण चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. नैराश्यावरच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. अचानक थांबवल्यास चक्कर, बेचैनी, झोपमोड असे त्रास होतात, म्हणून डॉक्टर त्या हळूहळू उतरवतात. खाणेपिणे सुटले असेल, भास होत असतील, किंवा पूर्वी कधी झोपेविना प्रचंड उत्साहाचे दिवस येऊन गेले असतील, तर औषधाचा निर्णय आधी आणि थेरपीचा नंतर. मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. 14416 या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य बोलता येते.

थेरपिस्ट निवडताना रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधावेत आणि पहिल्या भेटीत विचारावे : सीबीटीचे प्रशिक्षण कुठे घेतले, साधारण किती भेटी लागतील, घरी काय करायला देता आणि सुधारणा कशी मोजता. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे मोघम आली, तर दुसरीकडे चौकशी करावी.